किड्याचा ठिपका की कॅमेऱ्याचा?

तांदळाच्या डब्यात सापडणारा टोका, म्हणजेच सोंडकिडा, फार तर तीन-चार मिलिमीटर लांब असतो. नुसत्या डोळ्यांना तो तपकिरी कण वाटतो. दहापट मोठं करून दाखवणारं मायक्रोस्कोपचं ऑब्जेक्टिव्ह कॅमेऱ्यापुढे बसवून त्याचा फोटो घेतला, की त्याच्या पंखांच्या टणक झाकणांवर चार तांबूस डाग दिसतात, मानेमागच्या कवचावर खड्ड्यांची दाटी दिसते आणि खड्ड्याखड्ड्यांतून वर आलेले आखूड, राठ केस दिसतात. हे खड्डे अभ्यासकांच्या फार कामाचे असतात. तांदळातल्या सोंडकिड्याच्या कवचावर ते गोल असतात, तर त्याचा भाऊबंद सिटोफिलस ग्रॅनॅरियस याच्या कवचावर लांबट. दोन जाती वेगळ्या ओळखताना नजर आधी याच खड्ड्यांकडे जाते.

आता अशा एका फोटोत कवचाच्या कडेजवळ एक बारीक रेघ आहे असं समजा. जाडी केसाइतकी, लांबीही केसाइतकीच, पण ती कुठल्याच खड्ड्यातून निघालेली नाही. ही रेघ किड्याची की कॅमेऱ्याची? ज्याला याचं उत्तर पुराव्यानिशी देता येत नाही, त्याचा फोटो कितीही देखणा असला तरी अभ्यासकाच्या कामाचा नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. पावसाळ्यात आंबोलीला, कासला, भीमाशंकरला मॅक्रो लेन्स घेऊन हिंडणाऱ्यांपैकी बरेच जण पुढे घरच्या टेबलावर कॅमेरा बारीक पावलांनी सरकवणारी रेल आणि ऑब्जेक्टिव्ह मांडून बसतात. प्रकाशयोजना, रेलची पावलं, सॉफ्टवेअर या गोष्टी ते मन लावून शिकतात. सेन्सरचे दोष ओळखण्याची विद्या मात्र मागे राहते, आणि मग दोन टोकाच्या गोष्टी घडतात. काही जण दिसेल तो ठिपका क्लोन करून पुसतात आणि त्यात किड्याचे खरे खड्डेही बुजवतात. काही जण प्रत्येक डागासाठी सेन्सरला जबाबदार धरून तो वारंवार ओल्या स्वॅबने पुसत राहतात.

एक्स्ट्रीम मॅक्रोची हद्द साधारणपणे एकास एक या प्रमाणापुढे सुरू होते. म्हणजे वस्तूची सेन्सरवर पडणारी प्रतिमा वस्तूपेक्षा मोठी असते. कॅननने १९९९ साली आणलेली एमपी-ई ६५ मिलिमीटर ही लेन्स एकपट ते पाचपट वर्धन देत असे, आणि या छंदाची एक अख्खी पिढी तिच्यावर वाढली. त्याच्या पुढे जायचं तर मिटुटोयोसारख्या कंपन्यांची, मुळात कारखान्यातल्या तपासणीसाठी बनवलेली ऑब्जेक्टिव्हं वापरतात. २०० मिलिमीटरच्या टेलिफोटो लेन्सपुढे असं ऑब्जेक्टिव्ह बसवलं की काम होतं. लेव्हॉन बिस या ब्रिटिश छायाचित्रकाराने ऑक्सफर्डच्या नैसर्गिक इतिहास संग्रहालयातले कीटक याच पद्धतीने टिपले आणि २०१६ मध्ये ‘मायक्रोस्कल्प्चर’ हे प्रदर्शन तिथेच भरवलं. त्यातल्या एकेका कीटकाच्या चित्रामागे आठ-दहा हजार फोटो आहेत. सेन्सरवर धुळीचा एक कण बसला असेल तर तो त्या सगळ्या फोटोंमध्ये, त्याच जागी, हजर असणार. या छायाचित्रणात सेन्सरचा दोष एवढा महत्त्वाचा का, ते इथे कळतं.

लग्नाचे किंवा निसर्गदृश्यांचे फोटो काढताना जो सेन्सर निर्मळ वाटतो, तोच मॅक्रोत डागाळलेला का दिसतो? याचं उत्तर अ‍ॅपर्चरमध्ये आहे. वर्धन वाढलं की लेन्सचं परिणामी अ‍ॅपर्चर लहान होत जातं. साध्या मॅक्रो लेन्सचा हिशेब असा: लेन्सवरचा एफ आकडा गुणिले (वर्धन अधिक एक). पाचपट वर्धनावर एफ/५.६ ठेवलं, तर सेन्सरपर्यंत पोचणारा प्रकाश एफ/३३च्याही पलीकडच्या अरुंद शंकूतून येतो. ऑब्जेक्टिव्हचा हिशेब त्याच्या न्यूमरिकल अ‍ॅपर्चरवरून होतो. दहापट आणि ०.२८ हे आकडे कोरलेलं ऑब्जेक्टिव्ह सेन्सरच्या दृष्टीने जवळजवळ एफ/१८ असतं. गंमत म्हणजे पाचपट आणि ०.१४ आकडे असलेलंही एफ/१८च निघतं.

धूळ खरं तर सेन्सरच्या पिक्सेलवर बसतच नाही. पिक्सेलच्या पुढे फिल्टरची आणि संरक्षक काचेची चळत असते, तिच्या वरच्या पृष्ठभागावर ती बसते. पिक्सेलपासून हे अंतर साधारण एक ते दोन मिलिमीटरचं. म्हणजे आपण फोटोत पाहतो ती धूळ नसून धुळीची सावली असते. प्रकाशाचा शंकू रुंद असेल तर सावली पसरून नाहीशी होते, अरुंद असेल तर गोळा होऊन दिसू लागते. दीड मिलिमीटरचं अंतर धरलं, तर एफ/२.८ला सावलीची कड सुमारे अर्ध्या मिलिमीटरभर पसरते आणि फोटोत काही दिसत नाही. एफ/१८ला तीच कड ०.०८ मिलिमीटरवर येते. २४ मेगापिक्सेलच्या फुल-फ्रेम सेन्सरचा एक पिक्सेल सुमारे ६ मायक्रॉनचा, म्हणजे ही सावली चौदा-पंधरा पिक्सेल रुंदीचा, मऊ कडांचा करडा ठिपका होऊन बसते. मऊ कडा हीच धुळीची ओळख. ठिपक्याची कड चाकूने कापल्यासारखी असेल तर तो धुळीचा ठिपका नव्हे, आणि ब्लोअर फुंकून काही उपयोग नाही.

आता हॉट पिक्सेल, म्हणजे प्रकाश नसतानाही लख्ख दिसणारा पिक्सेल. इथे एक्स्ट्रीम मॅक्रो आपल्याला एक सुंदर कसोटी आयती देतं, आणि ती फारशी कुणी वापरत नाही याचं मला नवल वाटतं. एफ/१८ला विवर्तनामुळे कुठल्याही प्रकाशबिंदूची प्रतिमा सुमारे २४ मायक्रॉन व्यासाची चकती होते. म्हणजे २४ मेगापिक्सेलच्या सेन्सरवर चार पिक्सेल रुंद. किड्याच्या अंगावरचा कितीही बारीक चमकता बिंदू घेतला, आणि त्याची चकती एका पिक्सेलच्या नेमकी मध्यावर पडली, तरी शेजारच्या पिक्सेलला मधल्याच्या निदान एक तृतीयांश प्रकाश मिळणारच. त्यामुळे रॉ फाइलमध्ये एकच पिक्सेल लख्ख आणि त्याचे सगळे शेजारी अंधारात असा देखावा दिसला, तर तो बिंदू ऑब्जेक्टिव्हमधून आलेलाच नाही. तो सेन्सरमध्ये जन्मला. त्यावर वाद घालायची गरज नाही.

अट एकच: हे पाहायचं तर रंग भरण्याआधीची रॉ फाइल पाहावी लागते. आपल्या जवळजवळ सगळ्या सेन्सरवर कोडॅकच्या ब्राइस बेयर यांनी शोधलेली, १९७६ साली पेटंट मिळालेली रंगजाळी असते. प्रत्येक पिक्सेल लाल, हिरवा किंवा निळा यांपैकी एकच रंग मोजतो आणि उरलेले दोन रंग सॉफ्टवेअर शेजाऱ्यांवरून अंदाजाने भरतं. या अंदाजात एकटा हॉट पिक्सेल आपला खोटा आकडा शेजाऱ्यांनाही वाटतो, आणि अंतिम चित्रात एका बिंदूऐवजी लाल किंवा निळी फुली दिसते. उलट बाजूने, काही रॉ कन्व्हर्टर असे बिंदू न सांगता पुसून टाकतात. म्हणून निदान करताना रॉथेरपीसारख्या प्रोग्रॅममध्ये हॉट आणि डेड पिक्सेलचा फिल्टर बंद करून, रंगजाळी न भरता फाइल उघडावी. मग सेन्सर जसा आहे तसा समोर येतो.

एकेका फ्रेममध्ये हे दोष किरकोळ वाटतात. ते खरे उग्र होतात स्टॅकिंगमध्ये. दहापट वर्धनावर फोकसची जाडी सुमारे ७ मायक्रॉन असते. माणसाच्या केसाच्या जाडीपेक्षा ही कितीतरी कमी. एक मिलिमीटर उंचीचा किडा पूर्ण रेखीव दिसायचा, तर पावलं थोडी एकमेकांवर चढवत दीड-दोनशे फ्रेम घ्याव्या लागतात. मग हेलिकॉन फोकस किंवा झेरिन स्टॅकरसारखा प्रोग्रॅम प्रत्येक फ्रेममधला रेखीव भाग उचलतो आणि एकच चित्र जुळवतो. फोकस पुढे सरकला की प्रतिमेचा आकार किंचित बदलतो, म्हणून जुळवण्याआधी प्रोग्रॅम प्रत्येक फ्रेम थोडी ताणतो, आवळतो, सरकवतो. किडा यामुळे जागेवर येतो. पण सेन्सरवरचा ठिपका तर सगळ्या फ्रेममध्ये आधीच एका जागी होता. किडा स्थिर करताना ठिपका मात्र हलवला जातो. दोनशे फ्रेमचे दोनशे ठिपके शेजारी शेजारी मांडले जातात आणि त्यांची रेघ होते.

सुरुवातीला सांगितलेली केसासारखी रेघ अशीच जन्माला येते. पहिल्या आणि शेवटच्या फ्रेममध्ये आकाराचा फरक एक टक्का असेल, तर मध्यापासून दोन हजार पिक्सेल लांब असलेला हॉट पिक्सेल वीस पिक्सेलची रेघ काढतो. दहापट वर्धनावर ही लांबी किड्याच्या अंगावरच्या बारामायक्रॉनी केसाइतकी भरते. प्रोग्रॅमला ती आवडतेही फार, कारण त्याचा निवडीचा निकष कॉन्ट्रास्ट हाच आहे. किड्यामागची धूसर पार्श्वभूमी दोनशेही फ्रेममध्ये मऊच असते. त्या भागात सगळ्यांत रेखीव गोष्ट कोणती, तर धुळीचा ठिपका. प्रोग्रॅम तो उचलतो. झेरिनची पीमॅक्स पद्धत आणि हेलिकॉनची पिरॅमिड पद्धत, म्हणजे सी, या दोन्ही गुंतागुंतीच्या केसांसाठी उत्तम. पण कॉन्ट्रास्ट वेचून घेण्याच्या त्यांच्या स्वभावामुळे हॉट पिक्सेलच्या रेघा त्यांच्यातच जास्त उठून दिसतात. झेरिनच्याच डीमॅप पद्धतीत त्या दबतात. एकच स्टॅक दोन्ही पद्धतींनी करून पाहिला आणि एकात रेघ ठळक, दुसऱ्यात फिकट असेल, तर संशय बळावतो.

या रेघांचा आकारच निदान सांगतो, आणि माझ्या मते संपूर्ण विषयातला हा सगळ्यांत मनोहर भाग आहे. रेघा चित्राच्या मध्यापासून बाहेर फाकलेल्या असतील, मध्याजवळ नुसते ठिपके आणि कडेला लांब रेघा असतील, तर केवळ आकारबदलामुळे त्या उमटल्या आहेत आणि मांडणी ठीक आहे. सगळ्या रेघा एकमेकींना समांतर आणि सारख्या लांबीच्या असतील, तर स्टॅक चालू असताना काहीतरी एका दिशेने सरकत होतं: रेल ऑब्जेक्टिव्हच्या अक्षाशी समांतर नाही, किंवा किडा चिकटवलेल्या टाचणीवरून हळूहळू खाली बसत होता. रेघा वर्तुळाच्या चापासारख्या वळलेल्या असतील तर कॅमेरा किंवा स्टेज स्वतःभोवती किंचित फिरत होतं. रेघेत मध्येच झटका दिसला तर तेवढ्या फ्रेमच्या वेळी टेबलाला धक्का लागला होता. म्हणजे सेन्सरचा दोष हाच मांडणीच्या दोषाचा साक्षीदार होतो. चित्र स्वच्छ करण्याआधी या रेघा नीट पाहून घ्याव्यात, असा माझा आग्रह आहे. एकदा त्या पुसल्या की ही सगळी माहिती गेली.

धूळ आणि हॉट पिक्सेल यांच्या रेघा रुंदीवरून वेगळ्या ओळखू येतात. धुळीची रेघ रुंद, करडी आणि काठाला विरघळलेली. हॉट पिक्सेलची एक-दोन पिक्सेल रुंद, बहुधा लाल, हिरवी किंवा निळी.

हॉट पिक्सेलचं वागणं तापमानावर ठरतं. प्रकाश नसतानाही पिक्सेलमध्ये थोडा विद्युतभार साचत राहतो, त्याला डार्क करंट म्हणतात. तापमान साधारण ६ ते ८ अंशांनी वाढलं की तो दुप्पट होतो. जानेवारीतल्या २० अंशांच्या खोलीत घेतलेला स्टॅक आणि एप्रिलमध्ये ३८ अंशांच्या खोलीत घेतलेला स्टॅक यांत डार्क करंटचा फरक पाच-सहा पटींचा होऊ शकतो. विदर्भातल्या उन्हाळ्यात पंख्याखाली काम करणाऱ्याने हे लक्षात ठेवायला हवं. लाइव्ह व्ह्यू सतत चालू असेल तर सेन्सर स्वतःही तापतो. म्हणून लांबलचक स्टॅकची पहिली आणि शेवटची फ्रेम शंभर टक्के मोठी करून शेजारी ठेवावी. पहिली निर्मळ आणि शेवटची लाल-निळ्या बिंदूंनी भरलेली असेल, तर सेन्सर बिघडलेला नाही, तापलेला आहे. त्याला दोन फ्रेमच्या मध्ये दम खाऊ द्यावा, एक्स्पोजर लहान करावं, किंवा सतत जळणाऱ्या एलईडीऐवजी फ्लॅश वापरावा. फ्लॅशच्या कामात एक्स्पोजर इतकं छोटं असतं की यातले बहुतेक बिंदू डोकंच वर काढत नाहीत.

वयाबरोबर हॉट पिक्सेल वाढतात हेही खरं आहे. कॅनडातल्या सायमन फ्रेझर विद्यापीठातले ग्लेन चॅपमन आणि त्यांचे सहकारी यांनी या विषयाचा वर्षानुवर्षं अभ्यास केला. नवे हॉट पिक्सेल सेन्सरभर विखुरलेले उगवतात, घोळक्याने एका जागी नाही, आणि साधारण सारख्या गतीने वाढत जातात. यावरून कारण कारखान्यातल्या भेसळीत नसून वैश्विक किरणांच्या माऱ्यात आहे, असा त्यांचा निष्कर्ष. पिक्सेल जितके लहान आणि आयएसओ जितका जास्त, तितकी ही संख्या जास्त. अंतराळ स्थानकावरच्या कॅमेऱ्यांचे सेन्सर जमिनीवरच्यांपेक्षा फार लवकर असे बिंदू धरतात. त्यामुळे चार-पाच वर्षं वापरलेल्या कॅमेऱ्यात थोडे हॉट पिक्सेल दिसले तर घाबरून जाऊ नये. ऑलिम्पसच्या कॅमेऱ्यांत पिक्सेल मॅपिंगची सोय मेनूतच होती, आता इतरही अनेक कॅमेऱ्यांत ती असते. कॅमेरा खराब पिक्सेलची यादी करतो आणि तिथे शेजाऱ्यांवरून अंदाज भरतो. लांब स्टॅकच्या आधी हे करून घ्यावं.

सेन्सरचे सगळेच दोष वापरणाऱ्याच्या हातून होत नाहीत, हे गेल्या पंधरा-वीस वर्षांतल्या काही गाजलेल्या प्रकरणांनी दाखवून दिलं. २००८च्या अखेरीस बाजारात आलेल्या कॅननच्या ५डी मार्क टूच्या फोटोंत प्रखर दिव्यांच्या उजवीकडे काळे बिंदू उमटत. तो सेन्सरच्या काचेचा दोष नव्हता. जानेवारी २००९ मधल्या नव्या फर्मवेअरने तो दूर झाला. निकॉनचा डी६०० सप्टेंबर २०१२ मध्ये आला आणि त्याच्या फोटोंत, विशेषतः वरच्या डाव्या कोपऱ्यात, ठिपके साचू लागले. ते पुसले तरी परत येत. कंपनीने २०१३ मध्ये पहिली सूचना काढली आणि फेब्रुवारी २०१४ मध्ये साफसफाई व शटर बदलणं मोफत करून देण्याचं जाहीर केलं. लायकाच्या २००९च्या एम९ मध्ये प्रकार आणखी गंभीर होता. सीसीडीवरची संरक्षक काचच गंजत होती. छोट्या अ‍ॅपर्चरला पांढुरके, कडेला काळपट झाक असलेले डाग दिसत आणि ते कशानेही निघत नसत, कारण ते काचेवर नव्हते, काचेतच होते. शेवटी कंपनीला सेन्सर बदलून द्यावे लागले. या तिन्ही गोष्टींतला समान धागा असा, की वापरणाऱ्यांनी ठिपक्यांच्या नोंदी पुराव्यानिशी ठेवल्या म्हणून कंपन्यांना दखल घ्यावी लागली.

कोपऱ्यातला ठिपका सेन्सरवर नेमका कुठे आहे हे शोधताना बरेच जण गोंधळतात. लेन्स प्रतिमा उलटी पाडते. कॅमेरा सरळ धरून लेन्सच्या बाजूने आत पाहिलं, तर फोटोत वर-डावीकडे असलेला ठिपका सेन्सरवर खाली-डावीकडे सापडतो. डावं-उजवं तसंच राहतं, वर-खाली उलटतं.

आता कसोट्या. फोटोत ठिपका दिसला की आधी काहीही न पुसता किडा अर्धा मिलिमीटर बाजूला सरकवावा आणि पुन्हा फोटो घ्यावा. दहापट वर्धनावर ही हालचाल सेन्सरवर पाच मिलिमीटरची असते, नजरेतून सुटणारच नाही. ठिपका किड्याबरोबर गेला तर तो किड्याचा. जागचा हलला नाही तर कॅमेऱ्याचा किंवा काचांचा. मग ऑब्जेक्टिव्ह तसंच ठेवून कॅमेरा त्याच्या मागे थोडा फिरवावा. ठिपका फ्रेममध्ये जिथल्या तिथे राहिला तर तो सेन्सरचा, फिरला तर पुढच्या काचांचा. अनुभव असा, की पुढच्या काचांवरची धूळ ठिपक्याच्या रूपाने क्वचितच दिसते. ती कॉन्ट्रास्ट कमी करते एवढंच. खालून प्रकाश देऊन स्लाइडचे फोटो घेणाऱ्यांना मात्र आणखी एक संशयित असतो: खालचा प्रकाश एकवटणाऱ्या कंडेन्सरवरची धूळ. कंडेन्सर वर-खाली केला आणि ठिपका धूसर किंवा रेखीव झाला, तर सेन्सरवर आळ घेऊ नये.

सेन्सरवर आळ घेण्याची घाई फार होते. सगळ्यांत नेहमीची तक्रार अशी: चित्राची एक बाजू रेखीव, दुसरी मऊ, तेव्हा सेन्सर कलता बसला असणार. दहापट वर्धनावर हे जवळजवळ अशक्य आहे, आणि त्याचा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. किड्याच्या बाजूला फोकसची जाडी ७ मायक्रॉन, पण सेन्सरच्या बाजूला ती वर्धनाच्या वर्गाने वाढते. दहाचा वर्ग शंभर, म्हणजे सेन्सरला ०.७ मिलिमीटरची मोकळीक मिळते. ३६ मिलिमीटर रुंदीच्या सेन्सरला ती ओलांडायची तर एका अंशाहून जास्त कलावं लागेल. अशा कॅमेऱ्यातून साधे फोटोही धड येणार नाहीत. उलट किड्याच्या बाजूला चित्राची रुंदी फक्त ३.६ मिलिमीटर असते, आणि तिथे एक दशांश अंशाचा कलही ७ मायक्रॉनची जाडी जवळजवळ सगळी खाऊन टाकतो. स्लाइडखाली धुळीचा एक कण अडकला तरी एवढा कल येतो. म्हणजे दोषी आहे ते स्टेज किंवा नमुना. कॅमेरा दुरुस्तीला नेऊन पैसे घालवू नयेत.

दुसरी तक्रार आडव्या पट्ट्यांची. इलेक्ट्रॉनिक शटर वापरताना सेन्सर वरपासून खालपर्यंत ओळीओळीने वाचला जातो, आणि आपल्याकडच्या ५० हर्ट्झच्या विजेवर स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा मंद-प्रखर होतात. दोन्ही गोष्टी मिळून फोटोत पट्टे उमटतात. शटर १/१०० सेकंद किंवा त्याच्या पूर्ण पटीत ठेवलं, जसं १/५० किंवा १/२५, आणि पट्टे गेले, तर दोष दिव्याचा होता. पॉवर बँकेवर चालणारा चांगला दिवा लावूनही खातरजमा होते. सेन्सरच्या ओळींचा खरा दोष असेल तर तो अंधारातही, प्रत्येक फ्रेममध्ये, त्याच ओळीत दिसतो. चित्राच्या बरोबर मध्ये येणारा फिकट गोल डाग हा तिसरा प्रकार. तो किडा सरकवला तरी हलत नाही, म्हणून वरची कसोटी इथे फसवते. सेन्सर आणि कॅमेरा-ऑब्जेक्टिव्हमधल्या नळ्यांच्या आतल्या भिंती यांच्यात प्रकाशाचं परावर्तन होऊन तो बनतो. नळीच्या आत काळा, मखमली कागद चिकटवला की बहुधा जातो.

खगोलशास्त्रज्ञांनी या सगळ्या प्रश्नांचा निकाल केव्हाच लावला आहे, आणि मॅक्रोवाल्यांनी त्यांच्याकडून सरळ शिकावं असं मला मनापासून वाटतं. पुणे जिल्ह्यात गिरवलीला आयुका या खगोलशास्त्र संस्थेची दोन मीटर व्यासाची दुर्बीण आहे. अशा कुठल्याही वेधशाळेत ताऱ्यांच्या प्रतिमांबरोबर सेन्सरच्या स्वतःच्या प्रतिमाही घेतल्या जातात. एकसारख्या उजळ पृष्ठभागाच्या किंवा संधिप्रकाशातल्या आकाशाच्या फ्रेमना फ्लॅट म्हणतात. त्यांत धूळ, कोपऱ्यांतला अंधार, पिक्सेलपिक्सेलमधला संवेदनेचा फरक हे सगळं नोंदलं जातं, आणि मूळ प्रतिमेला फ्लॅटने भागलं की हे दोष निघून जातात. झाकण बंद ठेवून घेतलेल्या फ्रेमना डार्क म्हणतात. त्या अंधारातला भार दाखवतात, तो वजा केला जातो. इथे कुणी ठिपके हाताने पुसत बसत नाही. मोजलेला दोष वजा करणं हे प्रामाणिक काम आहे. नजरेला खटकलं म्हणून पुसणं तसं नाही.

आपल्या टेबलावर हे करायला फारसा खटाटोप लागत नाही. स्टॅक संपला की मांडणी न हलवता किडा बाजूला करावा, ऑब्जेक्टिव्हपुढे पांढरा कागद धरावा, तो पूर्ण आउट ऑफ फोकस ठेवून हलवत हलवत आठ-दहा फोटो घ्यावेत. एक्स्पोजर असं, की कागद करड्यापेक्षा उजळ दिसेल पण कुठेही जळणार नाही. मग दिवे बंद करून, कॅमेऱ्याचं झाकण लावून, स्टॅकला वापरलेल्याच शटरवेगाने आणि आयएसओने तितकेच फोटो घ्यावेत. सेन्सर अजून तापलेला असतानाच हे करावं, म्हणजे हॉट पिक्सेल खरे तेवढे दिसतील. रॉथेरपी फ्लॅट आणि डार्क दोन्ही वापरू शकतं. हेलिकॉन फोकसमध्ये धुळीचा नकाशा देण्याची सोय आहे. हे संस्कार प्रत्येक रॉ फ्रेमवर स्टॅक करण्याआधी झाले पाहिजेत. स्टॅक झाल्यावर ठिपक्याची रेघ झालेली असते आणि फ्लॅटला ती सापडत नाही.

आणि साफसफाई? निदान झाल्यावरच. कॅमेऱ्याचं तोंड खाली करून रबरी ब्लोअरने फुंकावं. तोंडाने फुंकू नये, थुंकीचे थेंब उडतात, आणि दाबाखालच्या हवेचे डबे वापरू नयेत, त्यांतलं द्रव काचेवर उडतं. फुंकून न जाणारा ठिपका चिकट आहे, त्यासाठी सेन्सरच्या रुंदीचा स्वॅब आणि त्यासाठीचंच द्रावण वापरावं लागतं. कॅमेऱ्यात सेन्सर हलवून कंप थांबवण्याची यंत्रणा असेल तर तो तरंगता असतो, त्यावर जोर देऊ नये. हात बसलेला नसेल तर हे काम जाणकाराकडे द्यावं. कोकणात आणि घाटमाथ्यावर पावसाळ्यात लेन्स बदलताना आत गेलेली दमट हवा हे आपल्याकडचं खास दुखणं आहे. सेन्सरच्या काचेवर वाळलेल्या थेंबाचा डाग गोल आणि कडेला गडद असतो. बुरशी फांद्या फुटल्यासारखी पसरते. बुरशी दिसली तर घरी हात न लावता तज्ज्ञाकडे जावं, आणि कॅमेरा सिलिका जेल टाकलेल्या हवाबंद डब्यात ठेवायची सवय लावावी.

आपल्याकडच्या कीटकांचे फोटो आज आयनॅचरलिस्टवर आणि इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टलवर मोठ्या संख्येने चढवले जातात, आणि अभ्यासक जाती ठरवताना ते पाहतात. म्हणून हौशी छायाचित्रकारांना एक विनंती आहे. प्रत्येक स्टॅकच्या फोल्डरमध्ये पांढऱ्या कागदाच्या आणि बंद झाकणाच्या फ्रेम ठेवा, मूळ रॉ फ्रेम फेकून देऊ नका, आणि चित्रात कुठे हाताने दुरुस्ती केली असेल तर फोटोखाली तसं स्पष्ट लिहा.